बीजिंगमधल्या राजवाड्यांची सहल: क्रम चुकला की दारातूनच परत

बीजिंगची शाही स्थळं बघायला अवघड नाहीत. अवघड आहे ती त्यांची दारं. कुठल्या दारानं आत जायचं, कुठल्या वारी, कुठल्या कागदावर आणि तिकीट नेमकं किती वाजता काढायचं, या चार गोष्टींपैकी एक जरी चुकली तरी माणूस हजारो किलोमीटर जाऊन भिंत बघून परत येतो. गेली काही वर्षं इथे जवळपास सगळं नावानिशी, पासपोर्ट क्रमांकावर आणि आगाऊ नोंदणीवर चालतं. "तिथे गेल्यावर बघू" हा आपला नेहमीचा खाक्या बीजिंगमध्ये चालत नाही.

एक तत्त्व धरून सगळी आखणी करा. निषिद्ध नगरीचं, म्हणजे फॉरबिडन सिटीचं तिकीट मिळणं सर्वांत कठीण. ते आधी पक्कं करायचं आणि बाकीची स्थळं त्याभोवती बसवायची. बहुतेक लोक उलटं करतात, आणि मग गोंधळ होतो.

## टप्पा १ : वार आणि तारखा ठरवणं

निषिद्ध नगरी सोमवारी बंद असते. सरकारी सुट्टी सोमवारी आली तरच अपवाद. टेंपल ऑफ हेवन आणि समर पॅलेस ही मोठी उद्यानं सोमवारीही उघडी असतात, पण त्यांच्या आतल्या मुख्य वास्तू सोमवारी बंद ठेवतात. म्हणजे फाटकातून आत जाता येतं, आणि ज्यासाठी गेलो त्या देवळाच्या दाराला कुलूप. सोमवार हा बीजिंगमध्ये राजवाड्यांचा वार नाही, असंच धरून चाला. तो दिवस ग्रेट वॉलला किंवा जुन्या गल्ल्यांमध्ये फिरायला द्या.

या काळात जाणं टाळा:

- १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा. याहून वाईट आठवडा नाही.
- १ मेपासूनची कामगार दिनाची सुट्टी. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पहिले पाच दिवस सोडून जावं, म्हणजे चांगलं जमतं.
- चिनी नववर्षाचे दिवस. तारीख दरवर्षी बदलते, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यात कधीही येते.
- जुलै-ऑगस्ट. चिनी शाळांना सुट्टी, त्यात उकाडा आणि पाऊस. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पहिले पाच दिवस सोडून जावं, म्हणजे चांगलं जमतं.

ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरची सुरुवात सर्वांत उत्तम. थंडी बेताची, आकाश स्वच्छ. १ नोव्हेंबरपासून तिकीटदरही उतरतात. डिसेंबर-जानेवारीत गर्दी कमी असते, पण तापमान शून्याखाली जातं आणि राजवाड्याच्या मोकळ्या पटांगणांत वारा हाडापर्यंत पोचतो.

बीजिंगला किमान चार पूर्ण दिवस हवेत, आणि त्यांतले निदान तीन सोमवार सोडून. उतरण्याच्या दिवशी निषिद्ध नगरी ठेवू नका. विमान उशिरा आलं तर तिकीट वाया जातं, दुसऱ्या दिवशी ते चालत नाही.

तपासा : तुमच्या कार्यक्रमात निषिद्ध नगरीसाठी एकच दिवस मोकळा आहे का? मग कार्यक्रम बदला. दोन, शक्यतो तीन पर्यायी दिवस ठेवा. का ते टप्पा ४ मध्ये कळेल.

## टप्पा २ : पासपोर्ट आणि नाव

भारतीय पासपोर्टवर चीनचा व्हिसा लागतोच. काही देशांच्या नागरिकांना २४० तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत आहे, त्या यादीत भारत नाही. अमेरिकन, ब्रिटिश किंवा कॅनेडियन पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना ती सवलत मिळते. त्यामुळे एकाच कुटुंबात पुण्याहून येणारे आजी-आजोबा आणि न्यू जर्सीहून येणारा मुलगा यांचे नियम वेगळे असू शकतात. एकाचं वाचून दुसऱ्यानं तिकीट काढू नये.

नावाचा प्रश्न आपल्या लोकांना खास सतावतो. मराठी पासपोर्टमध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा पहिल्या नावाच्या रकान्यातच छापलेलं असतं. बुकिंग करताना लोक ते गाळतात आणि नुसतं नाव-आडनाव टाकतात. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं, त्याच क्रमानं लिहा. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यांतल्या पहिल्या ओळीवरून नाव उतरवून घेतलं की चूक होत नाही.

पासपोर्ट क्रमांक दोनदा वाचा. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत ही नेहमीची चूक. भारतीय पासपोर्ट क्रमांकात पहिलं फक्त एक अक्षर असतं आणि पुढचे सातही अंक, म्हणजे नंतर गोल दिसलं की ते शून्यच.

इशारा : बुकिंगनंतर पासपोर्ट नवा करून घेतला तर जुन्या क्रमांकावरचं तिकीट निकामी होतं. आणि दारात मूळ पासपोर्टच लागतो. फोनमधला फोटो, झेरॉक्स, आधार कार्ड यांपैकी काहीही चालत नाही. तान्ह्या बाळाचाही पासपोर्ट बरोबर हवा, आणि मुलांना तिकिटाचे पैसे पडोत वा न पडोत, त्यांची नोंदणी वेगळी करावी लागते.

## टप्पा ३ : निघण्याआधी फोन तयार करणं

हा टप्पा घरी बसूनच पुरा करा. चीनमध्ये उतरल्यावर करायला गेलात तर अर्ध्या गोष्टी उघडणारच नाहीत.

पैसे. चहाच्या टपरीपासून राजवाड्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे अलीपे आणि वीचॅट पे ही फोनवरून पैसे देण्याची ॲप्स. दोन्हींमध्ये परदेशी कार्ड जोडता येतं. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड घ्या, आणि बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्यावर परदेशी व्यवहार सुरू करा. भारतात नवीन कार्डावर ही सोय मुळात बंदच असते, हे अनेकांना दारात उभं राहिल्यावर कळतं. अलीपेमध्ये परदेशी कार्डानं २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर जादा आकार लागत नाही, त्यापुढे ३ टक्के लागतो. फोन बंद पडला तर हाताशी असावेत म्हणून तीन-चारशे युआन सुट्ट्या नोटांत ठेवा.

ओटीपी. कार्ड जोडताना आणि तिकिटाचे पैसे भरताना बँकेचा ओटीपी तुमच्या भारतीय क्रमांकावर येतो. त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू नसेल तर चीनमध्ये एसएमएस येणार नाही आणि तिकीट अर्ध्यावर अडकेल. सिम काढून घरी ठेवणारे इथेच फसतात.

इंटरनेट. हॉटेलच्या वायफायवर गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप उघडत नाहीत. भारतीय कंपनीच्या रोमिंगवर किंवा परदेशी ई-सिमवर ते सहसा चालतात, कारण त्यांचा डेटा बाहेरच्या देशातून फिरून येतो. तरीही तिकिटाचे, हॉटेलचे, पासपोर्टचे स्क्रीनशॉट फोनच्या गॅलरीत ठेवा. ईमेलमधली पावती हवी तेव्हा उघडेलच असं नाही.

नकाशा. गूगल मॅप्सवर बीजिंगमध्ये विसंबू नका, जागा सरकलेल्या दिसतात आणि माहिती जुनी असते. अ‍ॅमॅप घ्या. आयफोनवाल्यांना ॲपलचा नकाशाही पुरतो.

तपासा : घरून निघण्याआधी अलीपेमध्ये पासपोर्टची पडताळणी झाली का, कार्ड खरंच जोडलं गेलं का, हे बघा. नुसतं ॲप डाउनलोड करणं म्हणजे तयारी नव्हे.

## टप्पा ४ : निषिद्ध नगरीचं तिकीट

सर्वाधिक लोक इथे चुकतात, म्हणून सावकाश वाचा.

तिकिटं भेटीच्या ७ दिवस आधी, बीजिंगच्या वेळेनुसार रात्री ८ वाजता खुली होतात. बीजिंगचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे भारतात संध्याकाळी ५:३०. तुम्हाला १७ तारखेला जायचं असेल तर १० तारखेला संध्याकाळी साडेपाचला तयार बसायचं. रात्री आठला लॅपटॉप उघडून बसणाऱ्याच्या हाती, गर्दीच्या दिवसांत, फक्त राखाडी झालेली तारीख लागते. चीन घड्याळ मागेपुढे करत नाही, पण इंग्लंड-अमेरिका करतात. उन्हाळ्यात लंडनला दुपारी १ आणि न्यूयॉर्कला सकाळी ८, हिवाळ्यात दोन्हीकडे एक तास आधी.

तिकीट राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा वीचॅटमधल्या त्यांच्या अधिकृत मिनी प्रोग्रॅमवर, म्हणजे वीचॅटच्या आतच उघडणाऱ्या छोट्या ॲपवर, काढायचं. क्रम असा:

१. खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा. सगळ्यांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक आधीच भरून ठेवता आले तर भरा, नाहीतर एका फाइलमध्ये टाइप करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी चिकटवता येतील.

२. ५:२५ ला लॉगिन करून बसा.

३. तारीख निवडा, मग सत्र. सकाळचं सत्र घेतलं तर ८:३० पासून १२ पर्यंत आत जाता येतं, दुपारचं ११ पासून पुढे. सकाळचंच घ्या. सकाळचं संपलं असेल तर दुपारचं घ्या आणि बरोबर ११ ला दारात हजर राहा, तरीही नीट बघून होतं.

४. मूळ तिकीट एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४० युआन. त्याच वेळी खजिना दालन आणि घड्याळ दालन यांचीही तिकिटं जोडा, प्रत्येकी १० युआन. ही दोन दालनं मूळ तिकिटात येत नाहीत, आणि आतला सर्वांत देखणा ऐवज खजिना दालनातच आहे. दहा युआन वाचवून ते सोडणं हा निव्वळ तोटा.

५. पैसे भरल्यावर "तिकीट निघालं" असं दिसेपर्यंत पान बंद करू नका.

कुटुंब मोठं असेल तर दोघांनी दोन खात्यांवरून निम्मी-निम्मी माणसं घ्या. एका ऑर्डरमध्ये माणसांची मर्यादा असते, आणि दहा जणांची माहिती भरेपर्यंत तिकिटं संपतात.

आज नाही मिळालं तर? उद्या संध्याकाळी ५:३० ला पुढच्या दिवसासाठी पुन्हा बसा. म्हणूनच टप्पा १ मध्ये तीन पर्यायी दिवस ठेवायला सांगितलं. तीन संध्याकाळी, तीन प्रयत्न. लोक परत करतात ती तिकिटंही अधूनमधून पुन्हा दिसतात, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा पान उघडून बघा.

इशारा : एजंट किंवा प्रवास-संकेतस्थळाकडून घेताना "बुकिंग स्वीकारलं" आणि "तिकीट निघालं" यांतला फरक ओळखा. ते लोक महिनाभर आधी पैसे घेतात, पण तिकीट त्यांनाही सात दिवस आधीच मिळतं. मधल्या काळात तुमच्याकडे असतो तो फक्त शब्द. भेटीच्या सहा दिवस आधी त्यांच्याकडून पक्कं करून घ्या, म्हणजे नाही म्हणाले तर स्वतः प्रयत्न करायला वेळ उरतो.

दाराबाहेर "तिकीट आहे, चला" म्हणणाऱ्या माणसाकडे वळूनही बघू नका. तिकीट पासपोर्टला बांधलेलं असतं, ते दुसऱ्याच्या नावावर चालतच नाही.

## टप्पा ५ : दारापर्यंत पोचणं

राजवाड्यात शिरायला एकच दार: दक्षिणेचं वू-मन, म्हणजे मेरिडियन गेट. उत्तरेचं शन-वू-मन आणि पूर्वेचं तुंग-ह्वा-मन ही फक्त बाहेर पडायची दारं आहेत. टॅक्सीवाल्याला नुसतं "फॉरबिडन सिटी" म्हटलं की तो बऱ्याचदा उत्तरेला सोडतो, कारण गाडी तिथे सोडणं सोपं. तिथून खंदकाच्या कडेनं वळसा घालून दक्षिण दारापर्यंत जवळपास दोन किलोमीटर चालावं लागतं, आणि सकाळचा मोलाचा अर्धा तास जातो.

दुसरी गल्लत त्याहून जुनी. माओचं चित्र असलेलं प्रचंड लाल दार म्हणजे राजवाड्याचं दार, असं लोक समजतात. ते थ्येनआनमन. त्याच्या खालून पुढे जायचं, मग त्वानमन नावाचं दुसरं दार, आणि त्यानंतर वू-मन. थ्येनआनमनच्या सज्जावर चढायचं असेल तर त्याचं तिकीट वेगळं, नोंदणी वेगळी, आणि वर पिशवी नेता येत नाही.

जायचे दोन रस्ते आहेत.

पहिला : मेट्रोची लाइन १, थ्येनआनमन पूर्व स्थानक. तिथून सुरक्षा तपासणीची रांग, मग थ्येनआनमन आणि त्वानमनखालून सरळ. रस्ता देखणा, पण तपासणीला पाऊण-एक तास धरा, गर्दीच्या दिवशी त्याहून जास्त.

दुसरा : लाइन ८ वरचं चिनयू हुथुंग किंवा वांगफूचिंग स्थानक. तिथून पश्चिमेला चालत तुंग-ह्वा-मनपर्यंत, आणि खंदकाच्या कडेनं वू-मनसमोरच्या चौकात. चालणं थोडं जास्त, तपासणीची रांग सहसा कमी. वयस्कर माणसं नसतील तर हाच बरा.

थ्येनआनमन चौकात उभं राहायचं असेल तर ती तिसरीच गोष्ट. चौक विनामूल्य आहे, पण २०२१ च्या डिसेंबरपासून तिथेही आगाऊ नोंदणी लागते, १ ते ९ दिवस आधी. राजवाड्याचं तिकीट दाखवून चौकात जाता येत नाही. चौक आणि राजवाडा एकाच सकाळी कोंबण्यापेक्षा चौक वेगळ्या दिवशी बघावा, हे आमचं स्पष्ट मत.

तपासा : बॅगेत लायटर, काडेपेटी, चाकू नाही ना? सुपारीचा अडकित्ता आणि फळं कापायची सुरीसुद्धा हॉटेलवरच ठेवा. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकावर बॅग यंत्रातून जाते, तिथेच अडवतील. पाण्याची बाटली मात्र न्या, तपासणीत एक घोट पिऊन दाखवायला सांगितलं तर दाखवायचा.

## टप्पा ६ : निषिद्ध नगरीच्या आत, पावलापावलानं

परिसर ७२ हेक्टरचा, दक्षिण-उत्तर ९६१ मीटर लांब. नकाशावर किलोमीटरभर दिसतं, पण नीट बघताना सहा-सात किलोमीटर सहज चाललं जातं, तेही ओबडधोबड दगडावर. सपाट, वापरून मऊ झालेले बूट घाला. वेळ चार ते पाच तास. गर्दी मधल्या रेषेवरून सरळ उत्तरेला जाते आणि दीड तासात बाहेर पडते. मग लोक म्हणतात, "सगळं एकसारखंच आहे." त्यांनी बघितलेलं असतं ते एकसारखंच असतं, कारण ते डावी-उजवीकडे वळलेलेच नसतात.

हा क्रम धरा:

१. वू-मन ते थाय-ह-त्येन. आत शिरल्यावर कमानीसारखा वळलेला ओढा आणि त्यावरचे पाच संगमरवरी पूल. पुढे थाय-ह-मन हे दार, आणि त्यापुढे सर्वांत मोठं पटांगण. थाय-ह-त्येन या मुख्य सभागृहात आत जाता येत नाही, उंबऱ्यापासूनच सिंहासन बघायचं. मधल्या दारासमोर रेटारेटी असते, कडेच्या दारातून कमी धक्के खाऊन तेवढंच दिसतं.

२. पाओ-ह-त्येन या तिसऱ्या सभागृहाच्या मागे वळून बघा. तीन सभागृहं ओलांडून उत्तरेच्या पायऱ्या उतरलात की मागे वळा. पायऱ्यांच्या मधोमध ड्रॅगन कोरलेली अखंड शिळा आहे, १६.५७ मीटर लांब, २०० टनांहून जड. लोक तिच्या शेजारून उतरून पाठ फिरवून निघून जातात.

३. छ्येन-छिंग-मन हे दार ओलांडून आतला राजवाडा. इथून राहण्याची जागा सुरू होते. तीन महाल एकामागे एक, त्यांच्या मागे शाही बाग.

४. बागेत थांबा, बाहेर पडू नका. सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच. बागेच्या उत्तर दारातून बाहेर पडलात की मागे येता येत नाही, आणि तुमचं खजिना दालनाचं तिकीट खिशातच राहतं. बागेच्या आग्नेय कोपऱ्यातल्या लहान दारातून पूर्वेच्या सहा महालांकडे वळा. इथल्या लाल भिंतींच्या अरुंद गल्ल्या म्हणजे राजवाड्याचा सर्वांत शांत भाग. एखाद-दोन महालांचे चौक बघत गल्लीतून दक्षिणेला परत या.

५. खजिना दालन. पूर्व बाजूला. शिरल्यावर आधी नऊ ड्रॅगनांची रंगीत भिंत लागते, मग दालनं. दीड तास ठेवा. सोनं, जेड, मूर्ती, आणि वाटेत एक नाट्यगृहही. घड्याळ दालन घेतलं असेल तर ते याआधी बघा, कारण खजिना दालनाचा रस्ता उत्तरेकडेच जातो आणि शेवटी शन-वू-मनच्या जवळ निघतो. म्हणजे परत फिरायची गरजच राहत नाही.

चिनी मातीच्या भांड्यांची आवड असेल तरच सुरुवातीला, थाय-ह-मनच्या आधी, पश्चिमेला वू-यिंग-त्येन या दालनाकडे वळा. नंतर परत यायला नको वाटतं.

इशारा : उंबरे उंच आहेत. ओलांडून जायचं, वर पाय देऊन उभं राहायचं नाही. वयस्कर माणसांचा हात धरा, गर्दीत मागून येणाऱ्याला उंबरा दिसत नाही.

तपासा : उन्हाळ्यात प्रवेश ४ वाजता आणि राजवाडा ५ वाजता बंद होतो, हिवाळ्यात दोन्ही अर्धा तास आधी. आतली दालनं त्याआधीच प्रवेश थांबवतात. दुपारी अडीचपर्यंत खजिना दालनाच्या दारात नसाल तर मधलं सोडून थेट तिकडे चला.

## टप्पा ७ : चिंगशान टेकडी

शन-वू-मनमधून बाहेर पडल्यावर समोर रस्त्यापलीकडे चिंगशान उद्यानाचं दार. तिकीट एरवी २ युआन. खंदक खणताना निघालेल्या मातीची ही टेकडी, चढायला पंधरा मिनिटं. माथ्यावरच्या वान-छुन मंडपातून दक्षिणेला अख्ख्या राजवाड्याची पिवळी छपरं दिसतात. सकाळभर आतून बघितलेल्या गोष्टींचा नकाशा इथे डोळ्यांसमोर उलगडतो, म्हणून ही टेकडी राजवाड्याच्या नंतरच करा, आधी नाही.

फोटोसाठी एक गोष्ट. राजवाडा टेकडीच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर ऊन समोरून डोळ्यांवर येतं. उन्हाळ्यात सूर्य वायव्येला मावळतो, तेव्हा संध्याकाळचं ऊन पाठीमागून छपरांवर पडतं. मे-जूनमध्ये जात असाल तर सहानंतर वर जा.

शन-वू-मनसमोर सायकलरिक्षावाले आणि "स्वस्तात टूर"वाले गराडा घालतात. तिथून काहीही ठरवू नका. चालत पूर्वेला या, मग ॲपवरून गाडी मागवा. गोड बोलून चहा प्यायला नेणारे, इंग्रजीचा सराव करायचाय म्हणणारे तरुण-तरुणीही याच भागात भेटतात. त्या चहाचं बिल हजारोंत येतं.

## टप्पा ८ : टेंपल ऑफ हेवन

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, फक्त उद्यानाचं तिकीट काढणं. ते १५ युआन, हिवाळ्यात १०, आणि त्यावर मुख्य वास्तू बाहेरूनसुद्धा नीट दिसत नाहीत. संयुक्त तिकीट घ्या: ३४ युआन, हिवाळ्यात २८. त्यात गोल प्रार्थना मंदिर, प्रतिध्वनीची भिंत आणि गोल वेदी तिन्ही येतात. प्रत्येक जागी एकदाच प्रवेश, बाहेर पडलात की संपलं.

दुसरी चूक, लाइन ५ वरच्या पूर्व दाराच्या स्थानकावर उतरून गोल मंदिर बघायचं आणि त्याच दारानं परत यायचं. अर्धं स्थळ राहून जातं. शक्य असेल तर टॅक्सीनं दक्षिण दारी उतरा आणि उत्तरेकडे चाला:

१. गोल वेदी. तीन थरांचा उघडा संगमरवरी चौथरा. वरच्या थरावर मध्यशिळेभोवती ९ दगडांचं वलय, मग १८, मग २७, असं करत नवव्या वलयात ८१. मोजून बघा, मुलांना फार आवडतं.

२. प्रतिध्वनीची भिंत. गर्दीत काहीच ऐकू येत नाही, त्यासाठी ताटकळू नका.

३. ३६० मीटरचा उंच दगडी रस्ता. हळूहळू चढत जातो, आणि समोर मंदिर मोठं होत जातं. उलट्या बाजूनं आलात तर हाच अनुभव हातचा जातो.

४. गोल प्रार्थना मंदिर. ३८ मीटर उंच, आत २८ खांब. आत शिरता येत नाही, दारातून मान वर करून छत बघा.

५. मग पूर्व दारानं बाहेर. वाटेतल्या लांब छपरी ओसरीत म्हातारे पत्ते खेळत, गात बसलेले असतात.

उद्यान उन्हाळ्यात सकाळी ६ ला उघडतं, वास्तू ८ ला. सातला गेलात तर आधी व्यायाम आणि थायची करणारे लोक बघून मग वेदीकडे जाता येतं. एकूण तीन तास.

## टप्पा ९ : समर पॅलेस

याला अख्खा अर्धा दिवस हवा, आणि चालायची तयारी हवी. परिसराचा बहुतेक भाग खुनमिंग तलावाचा, त्यामुळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे "जरा जाऊन येऊ" म्हणता येत नाही. उद्यानाचं तिकीट ३० युआन, संयुक्त ६०. हिवाळ्यात २० आणि ५०. चढणं झेपत असेल तर संयुक्त घ्या, गुडघे दुखत असतील तर ३० चंच पुरे.

लाइन ४ वर पैकुंगमन स्थानकाला उतरा आणि उत्तर दारानं आत जा. तिथे पाण्याकाठचा सूचौ बाजार लागतो, मग टेकडीची चढण, माथा, आणि उतरताना फो-श्यांग-क हा बुद्धाचा मनोरा. पूर्व दारानं गेलात तर याच मनोऱ्यासाठी तलावाच्या पातळीवरून उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात. उतरलात की ७२८ मीटरची रंगवलेली लांब ओसरी. पश्चिमेला संगमरवरी नाव बघून या, मग ओसरीतून पूर्वेला येत पूर्व दारानं बाहेर. तिथून श्ययुआन स्थानक, लाइन ४ च. सतरा कमानींचा पूल पूर्व दाराच्या दक्षिणेला आहे, तो मावळतीला ठेवा.

आतल्या वास्तू पाचच्या आसपास बंद होतात, उद्यान त्यानंतरही उघडं असतं. म्हणून दुपारी एकच्या आत पोचा, आधी मनोरा, शेवटी पूल. पाय शिल्लक असतील आणि सकाळीच आला असाल तर लाइन ४ वर पुढच्याच स्थानकाला जुन्या उन्हाळी राजवाड्याचे, युआनमिंगयुआनचे भग्नावशेष आहेत.

## टप्पा १० : युंगहकुंग आणि जेवण

युंगहकुंग हा एका सम्राटाचा गादीवर येण्यापूर्वीचा वाडा, आता लामा मंदिर. लाइन २ आणि ५ चं स्थानक त्याच नावाचं. तिकीट २५ युआन, नोंदणी आधी करून ठेवा. उदबत्त्या दारात फुकट मिळतात, बाहेरच्या दुकानातून महागड्या घेऊ नका. चप्पल काढायची पद्धत नाही. दालनांच्या आत फोटो काढायला मनाई आहे. शेवटच्या दालनात चंदनाच्या एकाच खोडातून कोरलेला मैत्रेय उभा आहे, जमिनीवर १८ मीटर. पुढच्या दालनांतून परत फिरणाऱ्यांना तो दिसतच नाही. दीड तास पुरतो.

शाकाहारींनी दुपारच्या जेवणासाठी राजवाड्यांच्या आत भरवसा ठेवू नये. चिवडा, खाकरा, सुकामेवा पिशवीत असू द्या. ताजी फळं, दुधाचे पदार्थ आणि मांस मात्र चीनमध्ये नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. "मांस, मासे, अंडी, चरबी, मटणाचा रस्सा काहीही नको" असं चिनी लिपीत लिहिलेलं वाक्य फोनमध्ये चित्र करून ठेवा. नुसतं "भाजी" मागितलीत तर ताटात वाटाण्यांबरोबर डुकराचे बारीक तुकडे येऊ शकतात, आणि वाढणाऱ्याला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. रस्सा वेगळा सांगावाच लागतो. युंगहकुंगच्या आसपास बौद्ध पद्धतीची शुद्ध शाकाहारी हॉटेलं सापडतात. त्यांच्याकडे बहुधा कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचं पोटभर जेवण तिथेच होतं. युंगहकुंगची भेट जेवणाच्या वेळेला जोडून ठेवा.